झेपत नाही म्हणजे काय?

(पाटण तालुक्यातल्या महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला खरं तर आज कायद्यावर बोलायचं होतं. पण सकाळी हिशेब वाचून झाल्यावर गाडीवरून जो वाद झाला, तो जेवताना पण चालू होता, भांडी घासताना पण चालू होता. म्हटलं, त्यावरच बोलू. कायदा कुठे पळून जात नाही.

वाद काय, तर सल्ला केंद्रासाठी दुचाकी घ्यायची आहे आणि पैसे एकाच गाडीपुरते आहेत. निम्म्या जणी म्हणतात, बिनगिअरची स्कूटर घ्या. निम्म्या म्हणतात, साधी शंभर सीसीची मोटारसायकल घ्या. त्यात आपले हिशेब तपासायला येणारे भाऊ, माणूस चांगला आहे, मदत करतो, ते जाताजाता म्हणाले, ‘‘ताई, मोटारसायकल बाईमाणसाला झेपत नाही. वजन असतं, ताकद असते गाडीत. उगाच कुणाचा पाय मोडायचा.’’ आणि आपल्यातल्या कितीतरी जणींनी माना डोलावल्या. मी पाहिलं.

म्हणून मला पहिला प्रश्न विचारायचाय तो हा, की झेपत नाही म्हणजे नेमकं काय झेपत नाही?

वजनापासून सुरू करू, कारण ते मोजता येतं. आज आपल्याकडे बायकांची म्हणून जी स्कूटर सगळ्यात जास्त दिसते, ती ॲक्टिव्हा, साधारण १०५ किलोची आहे. आणि ‘पुरुषांची’ म्हणून जी गाडी प्रत्येक वाडीत उभी असते, ती स्प्लेंडर, ती आहे साधारण ११२ किलोची. फरक सात किलोंचा. म्हणजे बाळंतीण घरी आली की तिच्या मांडीवर जे पोर असतं, तशी दोन पोरं. इंजिनाची ताकद बघाल तर दोन्हींची जवळपास सारखीच, आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. मग एक गाडी बाईला झेपते आणि दुसरी झेपत नाही, हे कसं काय? सात किलोंनी बाई मोडते का? आपण पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चढण चढतो तेव्हा पंधरा किलो असतात. तेव्हा कुणी म्हणत नाही, आक्का, झेपणार नाही तुला, ठेव खाली.

तेव्हा गोष्ट वजनाची नाही. मग कशाची आहे? मला वाटतं दोन गोष्टींची. एक गिअर, आणि दुसरी, हसू नका, टांग. मोटारसायकलवर बसायचं तर टांग टाकावी लागते. स्कूटरवर गुडघ्याला गुडघा लावून, पदर सावरून, खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. ‘झेपत नाही’ या शब्दाच्या आत ‘शोभत नाही’ हा शब्द लपलेला आहे. गंमत बघा, आपल्या आज्या-पणज्या नऊवारी नेसायच्या, काष्टा घालायच्या. काष्ट्यावर घोड्यावर बसता येतं, मोटारसायकलवर तर सहज बसता येतं. गोल पातळ आलं आणि बाई एका बाजूला पाय सोडून बसायला लागली. मग मोटारसायकलच्या डाव्या बाजूला साडीसाठी जाळी आली. मागे बसणाऱ्यासाठी पकडायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं आच्छादन हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. जाळी चांगलीच आहे, तिने कितीतरी पदर आणि कितीतरी जीव वाचवले असतील. पण जाळी बघून मला नेहमी वाटतं, की गाडी बनवणाऱ्याने बाईचा विचार केला तो मागच्या सीटपुरता.

आता भाऊंच्या बोलण्यात जे खरं आहे ते पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई भाषणात सगळं गोड गोड सांगतात. वजन असतं. ते कधी कळतं, तर गाडी उभी असताना.

चालती गाडी स्वतःला सावरते. वेग वीस-पंचवीसच्या पुढे गेला की तिला तोल द्यायला ताकद लागत नाही. वळायला सुद्धा नाही. डावीकडे वळायचं तर डाव्या हाताने हँडल हलकंसं पुढे ढकलायचं, गाडी आपली आपण डावीकडे कलते. ऐकायला उलटं वाटतं, पण प्रत्येक जण तेच करतो, फक्त पुष्कळांना माहीत नसतं. तिथे दंड किती जाड आहे याचा काही संबंध नाही. पण गाडी थांबली, की सगळं वजन आपल्यावर. तेही सरळ उभी असेल तर नाही, तेव्हा ते दोन चाकांवर असतं. कलली की येतं. बुलेटसारखी १८०-१९० किलोची गाडी धरा. पाच अंश कलली तर हँडलपाशी आठ-नऊ किलोंचा भार येतो, तेवढा कुणीही धरेल. वीस अंश कलली की तोच भार तीस-पस्तीस किलोंच्या घरात जातो, आणि तिथून पुढे पैलवान असला तरी ती पडणारच. पुरुषांच्या गाड्या पण अशाच पडतात, नाक्यावर, देवळासमोर. ते पटकन उचलून इकडेतिकडे बघतात, एवढंच.

म्हणजे सगळं कसब त्या पहिल्या पाच अंशांत आहे. थांबायच्या आधी हँडल सरळ असलं पाहिजे. पुढचा ब्रेक शेवटच्या क्षणी करकचून दाबायचा नाही. जमीन कुठल्या बाजूला उंच आहे ते आधी बघून तो पाय टेकायचा. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. सीटवर जरा एका बाजूला सरकलं की एक पाय पुरेसा टेकतो. माझी उंची पाच फुटाला एक इंच कमी आहे, मी अशीच थांबते. आणि अगदी हळू चालवायचं असेल तर हाफ क्लचवर, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून. हे ज्याला आलं त्याला गाडी आली. सरळ रस्त्यावर ऐंशीने पळवणं कुणालाही येतं.

मी स्वतः दोनदा पडले आहे, ते सांगते. पहिल्यांदा मुरुमाच्या वळणावर. उतार होता, समोरून शेळ्या आल्या, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं, खाली खडी. पुढचं चाक गेलंच. त्यात गाडीचा दोष नव्हता, वजनाचा नव्हता, माझा होता. वळणाच्या आधी वेग कमी करायचा असतो, वळणात नाही. दुसऱ्यांदा पडले ती आमच्याच अंगणात, गाडी उभी असताना. उजवीकडे उतार होता, मी तोच पाय खाली टाकला, पाय जमिनीपर्यंत पोचलाच नाही, आणि गाडी अंगावर. सायलेन्सरने पोटरी भाजली. तो डाग अजून आहे. त्यात मात्र वजनाचा हात होता. गाडी पन्नास किलोंची असती तर मी धरली असती, हे कबूल. पण उंच बाजूचा पाय टाकला असता तर एकशेबारा किलोंची पण धरली असती.

पडलेली गाडी उचलायची पण रीत आहे. आपण काय करतो, गाडीकडे तोंड करून, वाकून, दोन्ही हातांनी ओढतो. कंबर जाते. तसं करायचं नाही. आधी चावी बंद. गाडी गिअरमध्ये असू दे, म्हणजे घसरणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करायची, ढुंगण सीटला टेकवून खाली बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. भारा उचलताना आपण पाय लावतो की नाही? तसंच. पण ज्यांचं अंग बाहेर येतं, ज्यांचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नाहीत, त्यांनी उचलायची नाही. हाक मारायची. त्यात कमीपणा नाही. आपल्यातल्या किती जणी असं दुखणं लपवून शेतात काम करतात ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता ताकदीचं. शंभर सीसीला आपल्या घाटात दोघींना घेऊन चढायला दुसरा-तिसरा गिअर पुरतो. त्याच्या वरची ताकद ही रस्त्यापेक्षा मिरवायला जास्त लागते. आणि ताकदीने चूक मोठी होते. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, आणि त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. मेलेल्यांत बहुतेक पुरुष आहेत. पुरुष जास्त चालवतात म्हणून जास्त मरतात, हे खरंच. मला त्यातून बाई बरी आणि पुरुष वाईट असं काही सिद्ध करायचं नाही. पण मागे बसून मेलेली बाई त्यात आहे, आणि तिच्या हातात ब्रेक नव्हता.

तर कौशल्य मोठं की गाडीची ताकद आणि वजन मोठं, या प्रश्नाला माझं उत्तर कौशल्य असंच आहे. पण थांबा, इथेच आपण फसतो. कौशल्य म्हटलं की वाटतं ते अंगात असतं. पोरांच्या अंगात असतं, पोरींच्या नसतं. तसं नाही हो. कौशल्य म्हणजे तास. माझ्या भावाने चौदाव्या वर्षी वडिलांची राजदूत माळावर नेली, पाडली, इंडिकेटर फोडला. आण्णा म्हणाले, ‘‘शिकताना व्हायचंच.’’ मी एकतिसाव्या वर्षी शिकले. माझ्या हातून आरसा फुटला तर आख्खं घर म्हणालं, ‘‘सांगितलं होतं.’’ पडायची मुभा ज्याला असते त्याला कौशल्य येतं. पोरगा वीस वर्षांचा होईपर्यंत शेकडो तास गाडीवर असतो, चोरून, मित्राच्या, काकाच्या. पोरगी त्या वेळात भाकरी शिकते. मग दोघांना शेजारी उभं करून आपण म्हणतो, बघा, त्याला जमतं, तिला जमत नाही.

आणि जिला जमलं तिचं काय केलं, ते पण ऐका. इंग्लंडजवळ आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे, तिथे मोटारसायकलींची फार जुनी शर्यत होते, टीटी म्हणतात तिला. १९६२ साली बेरिल स्वेन नावाची बाई तिथे ५० सीसीच्या गटात एकटी उतरली. एकट्याने चालवायच्या शर्यतीत उतरलेली ती पहिली बाई. गाडीचा वरचा गिअर वाटेत गेला, तरी तिने शर्यत पुरी केली. बरं, ५० सीसी म्हणजे आपल्या लुनाएवढं इंजिन. तिथे हलक्या अंगाची बाई म्हणजे फायदाच. तर पुढे काय झालं? तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला, बायकांना हे धोक्याचं आहे म्हणून. आणि चालवणाऱ्याचं वजन कमीत कमी अमुक हवं अशी अट आली, त्यात ती बसेना. कळलं का? गाडी जड असते तेव्हा बाई हलकी म्हणून नको. गाडी हलकी असते तेव्हा पण बाई हलकी म्हणूनच नको.

दुसरी एक फ्रेंच बाई, आन-फ्रान्स दोतव्हील. १९७२ साली ती मोठ्या जथ्याबरोबर पॅरिसहून इराणमधल्या इस्फहानला गेली, साडेसातशे सीसीच्या जड गाडीवर. परत आल्यावर पुरुषांनी उठवलं, की हिने कुठे चालवली, ट्रकमध्ये बसून आली असेल. तिने भांडण केलं नाही. पुढच्या वर्षी एक छोटी, हलकी कावासाकी घेतली आणि एकटीच जगाच्या फेरीला निघाली. आणि फिरून आली. मला ती आवडते ते यासाठी, की जड गाडी चालवता येत असूनही तिने हलकी घेतली. काय सिद्ध करायचंय यापेक्षा कुठे जायचंय हे तिने बघितलं.

ताकद आणि वजन सारखं केलं तर काय होतं, याचं पण उदाहरण आहे. सुपरस्पोर्ट ३०० नावाची जागतिक शर्यत होती. तिथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या नियम लावून जवळजवळ सारख्या करायचे, कुणाला वजन वाढवायला लावायचे, कुणाच्या इंजिनाला लगाम घालायचे. २०१८ साली स्पेनची अॅना कारास्को त्यात पुरुषांबरोबर धावून जगज्जेती झाली, एका गुणाने. आणि त्याच वर्षी २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात सीमा सुरक्षा दलाच्या मुली ३५० सीसीच्या बुलेटवर उभ्या राहून, मनोरे करून गेल्या. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी टीव्हीवर बघितलं असेल. त्या काही राक्षसिणी नव्हत्या. आपल्यासारख्याच घरांतल्या मुली, फक्त त्यांना सरावाला मैदान दिलं, गाडी दिली आणि पगार चालू ठेवला.

पगारावरून आठवलं. मी पूर्वी एका संस्थेत होते, नाव घेत नाही. तिथे पुरुष कार्यकर्त्यांना मोटारसायकली आणि आम्हा बायकांना एस.टी.चा पास. का, तर तुम्हाला झेपणार नाही. ठीक आहे. ते दिवसाला पाच गावं करायचे, आम्ही दोन. एक गाव झालं की फाट्यावर दोन तास बसायचं. वर्षअखेरीला आढावा झाला, त्यात लिहिलं, महिला कार्यकर्त्यांच्या कामाचा आवाका कमी. पगारवाढ कुणाला मिळाली असेल ते सांगायला नको. आम्ही तेव्हा भांडलो ते पगारावर. गाडीवर भांडायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्हालाही वाटत होतं, झेपणार नाही.

आणि एक रात्र. तुमच्यातल्या दोघी तिथे होत्या, त्यांना माहीत आहे. वरच्या वाडीत एका बाईचं डोकं नवऱ्याने फोडलं होतं. शेवटची एस.टी. सहाला गेलेली. पाऊस. फोन लावला तर गाडी मिळायला वेळ लागेल म्हणाले. शेजारच्या अंगणात मोटारसायकल उभी होती, चावी खुंटीला होती, शेजारीण म्हणत होती, घ्या, न्या. घरातला पुरुष बाहेरगावी. आम्ही पाच बाया त्या गाडीभोवती उभ्या होतो आणि एकीलाही ती चालवता येत नव्हती. एकीला स्कूटर येत होती, तिने क्लच सोडला आणि गाडी दोनदा बंद पडली. शेवटी तिच्या डोक्याला धडपा बांधून सात किलोमीटर चालत खाली आणली. ती वाचली, आज तिचं दुकान आहे. पण त्या सात किलोमीटरमध्ये मी जे स्वतःला म्हणत होते ते इथे सांगण्यासारखं नाही. मी त्याच दिवाळीनंतर गाडी शिकले.

म्हणून मी मोटारसायकलच्या बाजूने आहे. स्कूटर वाईट नाही. स्कूटरने शहरातल्या बायकांना जे दिलं ते कुठल्या भाषणाने दिलं नाही. १९७२ साली लुना आली, १९८४ साली बटणावर चालू होणारी कायनेटिक होंडा आली, मग स्कूटी आल्या, आणि पुण्यासारख्या गावात मुली कॉलेजला, नोकरीला, सिनेमाला एकट्या जायला लागल्या. डांबरी रस्ता असता तर मीही तीच घ्या म्हटलं असतं. पण आपला रस्ता बघा. ॲक्टिव्हाचं चाक पुढे बारा इंची आणि मागे दहा. मोटारसायकलचं अठरा. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं वरून जातं. पावसाळ्यात तांबड्या मातीत हा फरक कळतो. शिवाय वाडीवस्तीवर बिघडली तर तिचा प्लग, तिची केबल, तिची चेन कुणाकडेही मिळते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, जी गाडी प्रत्येकीच्या घरात आधीच उभी आहे, ती चालवता आली तर आपल्या एका गाडीच्या पैशात आपल्याला पन्नास गाड्या मिळतील.

कुणी म्हणेल, ज्यांना फक्त स्कूटर येते त्यांचं काय? ती अडचण खरी आहे. त्यांना पहिले दोन-तीन महिने केंद्राच्या कामाला बाहेर पडता येणार नाही, आणि परवान्यावर ‘गिअरसह’ असं लागतं, त्यासाठी परत चाचणी द्यावी लागेल. खर्च आहे, वेळ आहे. तो हिशेबात धरा. आणि वय झालेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या आपल्या मावश्यांनी शिकलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. त्यांनी मागे बसावं, पण दोन्हीकडे पाय टाकून, आणि डोक्यावर हेल्मेट घालून. मागे बसणारीचं डोकं काही लोखंडाचं नसतं.

मतदान चारच्या चहानंतर आहे. निर्णय काही होवो, रविवारी सकाळी सात वाजता शाळेमागच्या माळावर मी माझी गाडी घेऊन येणार आहे. पहिले दोन रविवार गाडी चालूच करायची नाही. नुसती ढकलायची, स्टँडवर लावायची, पाडायची आणि उचलायची. चप्पल घालून येऊ नका, बूट नसतील तर पोरांचे घाला. सलवार-कमीज चालेल, नऊवारी चालेल, पाचवारी असेल तर खालून पँट घाला. आणि घरी विचारलं कुठे चाललीस, तर खरं सांगा.